दोन माळ आणि एक गाय

लग्न होऊन मी पोलादपूरजवळच्या डोंगरातल्या वाडीत आले आणि दुसऱ्याच दिवशी थोरल्या जाऊबाईंशी वाद घालून बसले. वाद माळ कशाला म्हणायचं यावरून होता. नव्या सुनेने निदान हळद उतरेपर्यंत गप्प बसावं अशी रीत आहे. मला ती जमली नाही, आणि खरं सांगायचं तर पुढेही कधी जमली नाही.

झालं असं. जाऊबाई म्हणाल्या, "माळावर शेनी घातल्यात, त्या उलथून ये गो." मी निघाले. घरामागची आंब्याची झाडं ओलांडली. शेणी वाळत घातलेला एक लहानसा उतार लागला, तोही ओलांडला, आणि माळ शोधत पार वहाळाच्या पाण्यापर्यंत जाऊन आले. परत येऊन विचारलं, "माळ कुठाय?" जाऊबाईंनी कपाळाला हात लावला.

"शेनी नाय दिसल्या तुला?"

"दिसल्या की. पण तो माळ हाय व्हय? आमच्याकडं एवढ्याला परडं म्हणत्यात."

बस, तिथून जुंपली. त्या म्हणाल्या, झाड नाही, शेत नाही, गवत आहे, मग माळ नाही तर काय? मी म्हणाले, माझ्या माहेरचा माळ बघाल तर चालून चालून पाय दुखतील तुमचे. ओटीवर मामंजी, म्हणजे माझे सासरे, तंबाखू मळत बसले होते. ते गालातल्या गालात हसत होते, ते मला पदराआडून दिसलं. त्या घरात माझं कोणीतरी आहे असं मला पहिल्यांदा वाटलं ते तेव्हा.

माझं माहेर वाईच्याही पलीकडे, उगवतीच्या अंगाला. तिथे पाऊस हात राखून पडतो. वेशीबाहेर पाऊल टाकलं की माळ सुरू व्हायचा आणि संपतो कुठे ते मी कधी पाहिलं नाही. वीतभर गवत, मधेमधे दगड, एखादी बोर, आणि वारा. लांबच्या वाटेने येणारा पाहुणा दिसू लागला की आई भाकरी थापायला घ्यायची, आणि तो दारात पोचेपर्यंत टोपली भरलेली असायची. त्या माळाला मालक नव्हता. धनगरांची मेंढरं येत, बसत, पुढे जात. आमची गुरं दिवसभर तिथेच. त्याच्यातला थोडा भाग सरकारदप्तरी गायरान म्हणून होता म्हणे, पण गुरांना ते कोणी सांगितलेलं नव्हतं.

अशा माळावरची मुलगी कोकणात कशी आली, असं कोणीही विचारील. माझे वडील बैलगाडी घेऊन घाट उतरायचे. गूळ, मिरची, कांदे महाडच्या पेठेत द्यायचे आणि येताना तांदूळ, मीठ, सुकी मासळी घेऊन वर चढायचे. घाट चढण्याआधी बैलांना विसावा म्हणून ते मामंजींच्या वाडीखाली थांबत. दोघांची तंबाखू जमली, मग बोलणं जमलं, आणि शेवटी सोयरीक जमली. मला कोणी काही विचारलं नाही. त्या काळी विचारायची पद्धतच नव्हती, त्यामुळे मला त्याचा रागही आला नाही. राग आला तो डोंगरांचा. जिकडे मान वळवावी तिकडे डोंगर. सूर्यसुद्धा उशिरा उगवायचा आणि लवकर पळायचा.

घरात माणसं थोडी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. थोरले दीर आणि आमचे हे, दोघेही मुंबईला गिरणीत. दासगावच्या बंदरावर बोट पकडून जायचे ते गणपतीला आणि शिमग्याला तेवढे उगवायचे. म्हणजे मामंजी, जाऊबाई, त्यांची मुलं आणि मी. आणि माझी गाय.

ती गाय वडिलांनी मला आंदण दिली होती. तांबडी, उंच, कपाळावर पांढरा ठिपका. माझ्या हातावर वाढलेली. वरातीबरोबर ती घाट उतरली तेव्हा वाडीतली माणसं नवरी बघायची सोडून गाय बघायला जमली. तिकडची गुरं अंगाने बारकी, काळी, शेळीसारखी कड्यावर चढणारी. एक म्हातारे गृहस्थ तिच्याभोवती फिरून म्हणाले, "ही गाय हाय का हत्तीन?" मला एवढा अभिमान वाटला की विचारू नका. सासरी लेकीची पत कशावरून ठरते? तिच्यामागून काय आलं यावरून. माझ्यामागून ती आली होती. एरवी माझ्याजवळ दोन लुगडी आणि तोंड, दोनच वस्तू होत्या.

पावसाळ्यात तिची परीक्षा सुरू झाली.

बघणाऱ्याला वाटेल, एवढं हिरवं असताना गायीला काय कमी? मलाही तसंच वाटलं होतं. गवत कमरेपर्यंत वाढलं. मी भारेच्या भारे कापून आणायची आणि ती खायची. पण ते गवत पाण्याने फुगलेलं. पोट भरायचं, अंग भरायचं नाही. पाऊस आठ-आठ दिवस उघडायचा नाही, गुरं गोठ्यात कोंडलेली, खाली चिखल. तिचे खूर नासले. आमच्या घरची बारकी गुरं त्याच चिखलात निवांत रवंथ करत असायची आणि ही पाय उचलून उचलून उभी. आईने मला भेटायला येऊन ती गाय पाहिली असती तर काय म्हणाली असती, या विचारानेच माझं पाणी पाणी व्हायचं. बरं तर बरं, पावसात घाट उतरून कोणी आलं नाही.

मामंजींना ते दिसत होतं. ते फार बोलत नसत. पण श्रावण सरल्यावर गवत आणायला ते मला बरोबर नेऊ लागले. दर खेपेला वेगळ्या जागी न्यायचे, गायीला वेगळं गवत घालून बघायचे. त्या हिंडण्यात मला त्यांच्या मुलखातले शब्द कळले.

आमच्याकडे एक माळ म्हटलं की भागायचं. त्यांच्याकडे तसं चालत नव्हतं. गावाजवळची, सगळ्यांच्या गुरांनी तुडवून गुळगुळीत केलेली ती गुरचरण. तिथलं गवत कधी घोट्याच्या वर जायचंच नाही. डोंगराच्या उतारावर एक साल नाचणी, पुढल्या साली वरी, मग काही सालं नुसतीच पडू द्यायची, ती जमीन वरकस. मी म्हणाले, म्हणजे पडीकच की. तर मामंजी थांबले, मागे वळले आणि जरा दुखावल्या आवाजात म्हणाले, "पडीक नाय गो. निजलेली हाय." पडीक या शब्दात कोणीतरी टाकून दिल्याचा भाव आहे, आणि त्यांच्या डोक्यात त्या जमिनीला कोणी टाकलेलं नव्हतं. मी पुन्हा तो शब्द त्यांच्यासमोर काढला नाही.

सडा म्हणजे डोंगराचा खडकाळ सपाट माथा. मला सडा एकच माहीत, अंगणात शेणाचा घालायचा तो. त्यावरून वाडीतल्या बायकांनी मला महिनाभर छळलं. पावसात या सड्यावर बोटभर गवत आणि इवली फुलं येतात, आणि थंडी लागली की काळा दगड तेवढा उरतो. दांड म्हणजे डोंगराची धार, तिच्यावरचं गवत निसरडं. तिथे कापायला जायचं तर घरी सांगून जायचं.

आणि रान. आमच्याकडे रानात जाते म्हटलं की शेतात जाते. मी आल्या आल्या एकदा विळा घेऊन "रानात जाते" म्हणाले तर जाऊबाईंनी हात धरून खाली बसवलं. "येकटी? वाघरू उचलंल तुला!" त्यांचं रान म्हणजे दाट झाडी, जिथे ऊन खाली पोचत नाही. त्यांना वाटलं घाटावरची पोर धीट आहे. मी ते खोडून काढलं नाही.

कुरण हा शब्द मात्र दोन्हीकडे होता, पण वागणूक निराळी. माझ्या माहेरी कुरण म्हणजे इनामदाराचं. त्यावर काठी घेतलेला रखवालदार, आणि तरी गवत चोरीला जायचं. इथे राखलेल्या कुरणाच्या कोपऱ्यावर एक काठी रोवून तिला गवताची पेंडी बांधायची, झालं राखण. ती पेंडी देवीसमोर ठेवून आणलेली असायची. तिच्या पलीकडे कोणी विळा घालत नसे, आणि एखाद्याची म्हैस चुकून आत गेलीच तर तो स्वतः जाऊन देवीसमोर नारळ ठेवायचा. मी मामंजींना म्हणाले, "आमच्या माणसांना ही पेंडी दाखवली तर ती आधी पेंडीच बैलाला घालतील." ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

महाडहून एक मुसलमान चाचा आपल्या गाडीच्या बैलांसाठी गवत न्यायला येत. बोलायचे अगदी आमच्या वाडीसारखंच, पण त्यांना या सगळ्या भानगडीत रस नव्हता. कुरण, वरकस, सडा, सगळ्याला ते मैदान म्हणायचे. "ह्या मैदानातला दे, त्या मैदानातला नको." मामंजी त्यांना दर साली दुरुस्त करायचे आणि ते दर साली मान डोलावून पुन्हा मैदानच म्हणायचे.

दसरा गेला, भातं कापली, झोडली. माझी गाय तोवर निम्मी झाली होती. मी तिला दाव्याला धरून स्वतः चारत असे, आणि ते बघून वाडी मला हसत असे. कारण त्यांची चाल वेगळी होती. भात घरात आलं की गुरं मोकळी सोडायची. राखायला कोणी जात नसे. दिवसभर गुरं मन मानेल तिथे चरायची आणि दिवस कलला की आपली आपण गोठ्यात यायची. डोंगरातून गळ्यातल्या लाकडी घंटा वाजत खाली उतरू लागल्या की बायका चुलीला जाळ घालत. एखादं जनावर उशिरा आलं तर त्यावर ओरडत, जसं मुलावर ओरडावं. पण आलं नाही, असं कधी होत नसे.

एके दिवशी मी वहाळावर धुणं धूत असताना मामंजींनी माझी गाय सोडली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. उलट, दाव्याला बांधून बांधून ती खंगते आहे, चार दिवस आपल्या गुरांबरोबर मोकळी हिंडली तर तिला बरं वाटेल, असं त्यांना वाटलं. जन्मभर त्यांनी गुरं सोडली होती आणि जन्मभर गुरं परत आली होती. न येणारी गाय त्यांना माहीतच नव्हती.

संध्याकाळी सगळी गुरं आली. माझी गाय आली नाही.

मी त्या दिवशी सासऱ्यांवर ओरडले. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, ते मला जाऊबाईंनी नंतर सांगितलं. "तिला कुणी सांगितलं हे तिचं घर हाय म्हणून?" असं मी ओरडले. "तुमच्या गुरांचं घर हितं हाय. तिचं न्हाई!" वाडीतली माणसं आपापल्या ओटीवर येऊन उभी राहिली. सुनेने असं बोलावं आणि सासऱ्याने ऐकून घ्यावं, असं तिथे कोणी पाहिलं नव्हतं. मामंजी ओटीच्या खांबाला धरून उभे होते. ते एवढंच म्हणाले, "चुकला माजा."

उजाडल्यावर माणसं शोधायला निघाली. ती गुरचरणीत गेली, वरकशीत गेली, वहाळाच्या कडेने गेली, जिथे जिथे त्यांची स्वतःची गुरं गेली असती तिथे गेली. वाघराने नेली असेल, असं आता उघडच बोलू लागली होती. मी मामंजींना म्हणाले, "ती तुमच्या गुरांच्या वाटेनं जायची न्हाई. जिथं झाड न्हाई, वारा हाय, आणि लांबचं दिसतं, अशी जागा हितं कुठं हाय?"

त्यांनी वहाळापासून दांडापर्यंत नजर फिरवली. मग वर बघून म्हणाले, "तसा त वरला पठारच."

आम्ही दोघं दांडाच्या वाटेने चढलो. चढ असा, की बोलायला उसंत नव्हती. वर पोचलो तर धनगरांची दोन-चार घरं. तिकडचे धनगर मेंढरं नाही, म्हशी पाळतात. एक धनगरीण दारात ताक घुसळत होती. आम्ही विचारायच्या आधीच तिने हात करून दाखवलं.

पठाराच्या पार टोकाला माझी गाय उभी होती. गवत पिवळं पडलेलं, वारा सुटलेला. ती चरत नव्हती. तोंड उगवतीकडे, घाटाच्या भिंतीकडे करून उभी होती. त्या मोकळ्या उजेडात मला तिच्या फासळ्या दिसल्या. गोठ्यातल्या अंधारात त्या इतक्या दिसत नव्हत्या, किंवा मी बघत नव्हते.

मी तिच्या मानेला मिठी मारली आणि रडले. गाय सापडली म्हणून रडू आलं असं मामंजींना वाटावं, म्हणून मी मोठ्याने "सापडली, सापडली" म्हणत होते. खरं तर मला घरी जायचं होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांना अडवायला समोर काही नव्हतं, आणि त्या मोकळेपणाने माझं सगळं अवसान गळालं.

धनगरीण ताकाचा गडू घेऊन आली. तिने गायीच्या अंगावरून हात फिरवला आणि मामंजींना सांगितलं, "खाली नेलीत त पुढला पाऊस नाय काढायची ती."

हे आम्हा दोघांनाही कळत होतं, तरी त्या दिवशी आम्ही तिला खाली आणलं. पण गाय परत माहेरी धाडायची कशी? आंदणाची वस्तू सासरहून परत जाणं म्हणजे दोन घरांमधलं नातं तोडणं. पुढच्या खेपेला महाडच्या पेठेत वडिलांना दहा माणसांनी विचारलं असतं, लेक नांदत नाही का म्हणून. जाऊबाई स्पष्टच बोलल्या, "गाय परत म्हंजे सून परत." मीही ताठ्याने सांगून टाकलं, की मेली तर इथे मरेल, पण माझ्या बापाची मान खाली जायची नाही. बोलून बसले आणि मग गोठ्यात जाऊन तिच्यापाशी बसले. तिने माझा हात चाटला. मला माझी लाज वाटली, पण शब्द मागे घेतला नाही.

मामंजी काही दिवस नुसते गोठ्यात येऊन गाय बघून जायचे. मग एका सकाळी बघते तर ते धुतलेलं धोतर नेसून, फक्त लग्नाकार्याला काढायचं ते पागोटं बांधून, अंगणात उभे. हातात नवं दावं.

"चल," म्हणाले.

"कुठं?"

"गाय चाराया न्यायची."

जाऊबाईंनी नाचणीच्या भाकरी आणि सुक्या मासळीची चटणी बांधून दिली. आम्ही घाट चढू लागलो. पुढे मामंजी, मधे गाय, मागे मी. घाटात तेव्हा मोटार नुकतीच धावू लागली होती. वळणावर भोंगा वाजवत ती अंगावर आली तेव्हा गाय बिथरली, आणि मामंजी पागोट्यासकट तिच्या आणि दरीच्या मधे उभे राहिले. मोटारवाला काहीतरी ओरडून गेला. मामंजींनी त्याला जे उत्तर दिलं ते मी इथे लिहीत नाही. तेवढे शब्द त्यांनी एरवी वर्षभरात वापरले नसते.

मुक्काम करत करत आम्ही महाबळेश्वर ओलांडलं, पाचगणी ओलांडली, वाईला उतरलो. झाडी विरळ होत गेली. हवा कोरडी झाली. माझ्या गावाचा माळ लागला तेव्हा मामंजी उभे राहिले. त्यांनी एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत मान फिरवली.

"ह्यो माळ," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "बरोबर हाय तुजा. आमचा त परडाच."

मी गायीच्या गळ्यातलं दावं सोडलं. ती धावली. त्या खंगलेल्या पायांनी, शेपूट वर करून धावली, आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मला तिचा राग आला. एवढं केलं, तर एकदा तरी बघायचंस, असं मी मनात म्हणाले.

आमच्या आधी गाय घरी पोचली होती, त्यामुळे आम्ही दारात गेलो तेव्हा आईचा चेहरा उतरलेला होता आणि वडील उंबऱ्यात उभे होते. त्यांनी "या" म्हटलं नाही. शेजारीपाजारी जमू लागले होते. मामंजींनी पागोटं काढलं नाही, पाणी मागितलं नाही, बसलेही नाहीत. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"व्याही, गाय आमची हाय. आमच्याकं गवात मोप हाय, पन तिच्याजोगता माळ नाय. तो तुमच्याकं हाय. म्हनून चाराया आनली. पैला वासरू तुमचा, दुसरा आमचा."

गुरं दुसऱ्याच्या घरी अशी वाट्याने ठेवायची रीत दोन्हीकडे होती. पैपाहुण्यांत लोक ठेवतच. गाय देणाऱ्याची राहते आणि सांभाळणारा उपकाराचा धनी होत नाही. वडिलांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. त्यांनी विचारलं, "आणि किती दिवस ठेवायची?"

"ती हाय तवर," मामंजी म्हणाले. "आनि आमची गाय हितं हाय म्हंजे ती बघाया आमच्या घरचा कोनीतरी दर साली यायला लागंल. मी आता म्हातारा झालो. घाट चढवत नाय. सूनबायला धाडत जाईन."

आई घाईने आत निघून गेली. वडिलांनी पुढे होऊन व्याह्याच्या हातातलं दावं घेतलं आणि म्हणाले, "बसा. पाय धुवा."

मामंजी तेव्हा म्हातारे झालेले नव्हते. परतताना तोच घाट ते माझ्यापुढे दोन पावलं राखून उतरले.

त्या वर्षापासून भातं झोडून झाली की मी गाय बघायला माहेरी जाऊ लागले. आमच्या वाडीत हे नवलच होतं. सुना माहेरी जायच्या त्या बाळंतपणाला, नाहीतर कोणी गेलं तर. जाऊबाईंचं माहेर तुडीलला, सावित्रीच्या काठी, दिवसभराची वाट. पण त्यांनाही वर्षानुवर्षं जायला मिळालेलं नव्हतं. माझं गाठोडं बांधून देताना त्या ओटीकडे तोंड करून मोठ्याने म्हणायच्या, "मामा, माजी पन एकांदी म्हैस तुडीलला चाराया ठेवा की!" मामंजी ऐकू न आल्यासारखं करायचे. पण एका साली त्यांनी खरंच त्यांनाही धाडलं. म्हशीशिवायच.

गाय माळावर पुन्हा भरली. पहिल्या वेताचं वासरू वडिलांकडे राहिलं. दुसरं आमच्या वाट्याचं, ते मामंजींनी माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात तिला आंदण देऊन टाकलं. मी परत आले की ते विचारायचे, "माळ कसा हाय?" गायीची चौकशी त्यानंतर. मी सांगायची, गवत यंदा बेताचं आहे, बोरी लागल्या आहेत, मेंढरं बसून गेली. ते डोळे मिटून ऐकायचे. त्यांच्या तोंडी आता घरामागच्या उताराला परडं आणि माझ्या गावाकडच्या मोकळ्या जमिनीला माळ असे दोन शब्द बसले होते. जाऊबाईंनी मात्र शेवटपर्यंत शेणी माळावरच घातल्या.

मग एका उन्हाळ्यात वडील महाडला जाताना खाली थांबले आणि ओटीवर बसून त्यांनी सांगितलं, गाय गेली. म्हातारी झाली होती. चरता चरता बसली ती उठली नाही. मामंजींनी विचारलं, "कुठं?"

"माळावरच."

"मग बरा झाला," मामंजी म्हणाले आणि तंबाखूची चंची वडिलांकडे सरकवली.

मी आत चुलीपाशी होते. मला दोन गोष्टींचं दुःख झालं. गायीचं झालंच, आणि दुसरं मी कोणाला सांगू शकत नव्हते. चांगलं वागवलं जाण्याची सवय लागलेल्या माणसाला अडचण होते ती अशी. इतर सुनांसारखं मलाही पहिल्यापासून जायला मिळालं नसतं तर माहेरची वाट बंद झाल्याचं मला एवढं वाटलं नसतं.

त्या साली भातं कापली, झोडली. वाडीतली गुरं मोकळी सुटली. माझ्या जायच्या दिवसांत मी मुद्दाम कामं काढली, कणग्या सारवल्या, मुलांची अंथरुणं उन्हात घातली. जाऊबाई माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होत्या.

एका सकाळी मामंजी ओटीवर बसून गवताच्या पेंड्या बांधत होते. मी त्यांच्यासमोर पेजेचं ताट ठेवलं, तेव्हा त्यांच्या शेजारी नव्या तांदळाचं गाठोडं बांधून ठेवलेलं दिसलं. घाट चढून न्यावं एवढंच, बेताचं.

"सूनबाय," ते पेंडीवरची नजर न काढता म्हणाले, "गाय बघून ये."

मला वाटलं, वयाने विसरले. मी हळूच म्हणाले, "मामंजी, गाय तर..."

"म्हायती हाय गो," ते म्हणाले. पेंडीला त्यांनी गाठ मारली आणि दुसरी घेतली. "ऊन व्हायच्या आत घाटाला लाग."

मामंजी होते तोवर दर साली मी गाय बघायला जात राहिले.